आसेगावची मुकी फळी

सातवा खिळा मी आधी ठोकला आणि रजेचा अर्ज नंतर लिहिला. हा क्रम चुकीचा आहे, हे मला मान्य आहे. बायकोने भिंतीकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं आणि "यावर काय टांगणार?" एवढंच विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं. अकोल्याच्या आमच्या दोन खोल्यांत सहा गिटारी भिंतीला आहेत आणि धान्याचे डबे पलंगाखाली आहेत.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. चौदा वर्षांचा असताना गावात सर्कस आली होती. तिच्या बँडमधला एक गोवेकर दुपारी तंबूमागे बसून गिटार वाजवत होता. ते पाहिलं आणि माझं जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून जिथून मिळेल तिथून गिटारी जमवतो आणि वाजवतो. वाजवणं बेताचं आहे, जमवणं बरं आहे. सहाव्या गिटारीला मी वीजही जोडली. कानाला लावायच्या टेलिफोनच्या डबीतलं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं काढून तारांखाली बसवलं, आणि रेडिओच्या पाठीवर ग्रामोफोनसाठी जी दोन भोकं असतात त्यांत तिची वायर खुपसली. गिटार इथे छेडायची आणि आवाज रेडिओतून यायचा. शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी हे पाहून मला चहा पाजला होता. चाळीस वर्षांच्या आयुष्यातला तो माझा मोठा सन्मान.

पण कारखान्यात बनलेली खरी विजेची गिटार मी फक्त एका विलायती सूचीपत्रात पाहिली होती, तीही चित्रात. म्हणून कारंज्याच्या गुलाबशेठचं कार्ड आलं तेव्हा मी ते उभ्यानेच वाचलं. गुलाबशेठ कापसाचे दलाल आणि माझे जुने स्नेही. त्यांनी लिहिलं होतं, "आसेगावात लढाईवरून परतलेल्या एका जवानाकडे अमेरिकन गिटार आहे. फळीसारखी दिसते, आवाज देत नाही. गाव त्याला हसतं. स्वस्तात सुटेल. या."

'आवाज देत नाही' हे शब्द मी दोनदा वाचले. ती का बोलत नाही हे वऱ्हाडात बहुधा मला एकट्यालाच ठाऊक होतं. भरीव लाकडाची विजेची गिटार आवाज मोठा करणाऱ्या पेटीला जोडल्याशिवाय बोलतच नाही. मी माझी वायर पिशवीत टाकली, पण आसेगावात ती बाहेर काढायची नाही, असंही ठरवलं. मुक्या गिटारीची किंमत वेगळी आणि बोलक्या गिटारीची वेगळी. खरेदी झाल्यावर परतताना कारंज्यात गुलाबशेठच्या रेडिओवर जोडून पाहणार होतो. याची लाज तेव्हा वाटली नाही. वाटली ती पुढे.

अकोला ते कारंजा

जाणाऱ्यांसाठी माहिती अशी. अकोल्याहून सकाळच्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून यवतमाळकडे जाणारी छोटी गाडी. ही गाडी वेळेवर सुटते, पण पुढचं तिच्या मर्जीवर असतं. एका ठिकाणी दोन प्रवासी उतरून रुळाकाठच्या शेतातून हरभरा उपटून घेऊन आले आणि चालत येऊन पुन्हा डब्यात बसले. कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मलाही हरभरा मिळाला.

माझ्याजवळ गिटारीची रिकामी लाकडी पेटी होती, आत जुनं धोतर अंथरलेलं. तिकीट तपासनिसाने ती ठोकून पाहिली.

"काय हाय आत?"

"काही नाही."

"मंग नेता कायले?"

"येताना भरून आणायची आहे."

त्याने तिकिटाला जरा जास्तच जोरात भोक पाडलं.

कारंज्याला कापसाच्या गाड्यांची रांग बाजारापासून पार गावाबाहेर गेलेली होती. हवेत कापूस, मिशीत कापूस, चहावर कापूस. गुलाबशेठ जैन आहेत. त्यांच्याकडे उतरायचं असेल तर पाचच्या आत पोचा, कारण दिवस मावळला की चूल बंद. मी साडेपाचला पोचलो आणि माझ्यासाठी ताट वाढून सगळं घर सूर्याकडे बघत बसलं होतं. इतक्या घाईत इतकं चांगलं जेवण मी पूर्वी जेवलो नव्हतो.

गुलाबशेठ म्हणाले, "मास्तर, मुलगा साधा आहे. पण त्याचे मामा बैलांचे दलाल आहेत. त्यांच्यासमोर तोंड फार उघडू नका."

मंगरूळ आणि पुढे

सकाळी मंगरूळपीरची मोटार. पेट्रोल अजून मोजून मिळतं, म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालते. मागे एक भट्टी लावलेली असते. भाडं बारा आणे आणि त्यात चढावर उतरून ढकलणं आलं. ज्यांना पांढरे कपडे प्रिय आहेत त्यांनी भट्टीजवळची जागा घेऊ नये. मी घेतली होती.

मंगरूळला पुंडलिकचे मामा दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन आले होते. पुंडलिक म्हणजे तो जवान. मामा साठीचे, अंगाने सडपातळ, खांद्यावर उपरणं. रामराम झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पेटीकडे पाहिलं. बैलाच्या पाठीवर थापटावं तसं तिच्यावर थापटलं.

"रिकामी हाय."

"हो."

"इतक्या दूर रिकामी पेटी घेऊन आले?"

"हो."

दमणी चालू लागली. दोन्ही बाजूंना तूर उभी होती आणि कपाशीत बायका वेचणी करत होत्या. अर्धा कोस गेला. मग मामा म्हणाले, "म्हंजे घ्याचं ठरवूनच आले."

सौदा सुरू व्हायच्या आधीच मी अर्धा हरलो, हे मला तिथे कळलं. गुलाबशेठचा सल्ला विसरून मी सावरासावर करायला गेलो आणि घरी खिळासुद्धा ठोकून आलोय, हेही सांगून बसलो. मामांनी मान डोलवली. "बरं केलं," म्हणाले.

फळी

आसेगावात पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर होती. पुंडलिकच्या घरी ज्वारीची भाकर, तुरीच्या ताज्या सोल्यांची भाजी आणि ठेचा. वाढत होती त्याची माय. तिने मला एकदाच विचारलं, "मास्तर, तुमी थे न्याले आले का?" मी हो म्हणालो. तिने आणखी एक भाकर वाढली. सोल्यांची भाजी मी तीनदा घेतली. हिवाळ्यात या बाजूला जाणार असाल तर एवढ्यासाठी तरी जा.

जेवणानंतर पुंडलिकने लष्करी घोंगडीतून ती काढली. मी गुडघ्यावर बसलो. दीड हात लांब, काळीभोर, भरीव लाकडाची. मध्ये घोड्याच्या नालासारखी दोन लोहचुंबकं. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. सहातल्या पाच तारा शिल्लक होत्या. सूचीपत्रातलं चित्र माझ्यासमोर घोंगडीवर पडलं होतं आणि तोंडावर काही न दाखवता बसायचं होतं. मी खोकलो.

पुंडलिक लढाईत आसामकडे लष्करी मोटार चालवायचा. शेजारच्या छावणीतला एक अमेरिकन शिपाई संध्याकाळी ही वाजवायचा. त्यानेच याला थोडं शिकवलं. मायदेशी परतताना तो आवाजाची पेटी घेऊन गेला आणि फळी याला देऊन गेला. फुकट नाही. पुंडलिकने कमरेचा चांदीचा करदोडा काढून दिला.

"थो करदोडा मायनं केल्ता," मामा म्हणाले. "दोन साल वेचनीले गेली, तवा झाला. अन् या बहाद्दरानं त्याची फळी आनली. गावातले लोक इचारतात, पुंडलिक, धुनं धुवाले आनली का?"

 पुंडलिक फळी मांडीवर घेऊन बसला, लोहाराकडून घासून आणलेला लोखंडाचा तुकडा तारांवर ठेवला आणि कान थेट लाकडाला टेकवून वाजवू लागला. दोन हात अंतरावर बसलेल्या मला माशी उडाल्याएवढा आवाज आला. दीड वर्ष तो रोज असाच वाजवत होता, डोकं वाकडं करून.

"बोलते थे," तो डोकं न उचलता म्हणाला. "मी आयकलं हाय. पन मानते कोन?"

माझी पिशवी माझ्या मांडीला लागून होती आणि वायर पिशवीत होती. मी भिंतीतल्या कोनाड्याचं निरीक्षण केलं.

सौदा मामांनी आपल्या रीतीने केला. उपरणं माझ्या हातावर टाकलं, खालून माझी बोटं धरली आणि दाबू लागले. इकडे बैलांचे सौदे असेच होतात. रक्कम तोंडाने उच्चारायची नाही, पाहणाऱ्यांना कळू द्यायची नाही. मला ही भाषा येत नव्हती. पहिल्यांदा मी बहुधा स्वतःच जास्त दाबून बसलो, कारण मामांच्या भुवया वर गेल्या. शेवटी मामांच्या मनात होतं तिथे येऊन आम्ही थांबलो. नव्या करदोड्याएवढी रक्कम. माझ्या दृष्टीने मातीमोल. आनंद लपवायला मी सुपारी चघळत होतो.

मामांनी उपरणं झटकून घडी घातली. "आता जुंपून पाहा."

"म्हणजे?"

"वाजवून पाहा. बैल जुंपून पाह्यल्याशिवाय कोनी घेते का?"

"मुकी आहे हे ठाऊकच आहे, मामा. पाहायचं काय त्यात?"

"बैल लंगळा हाय हे ठाऊक असलं तरी चार पावलं चालवतोच आमी." घडी त्यांनी खांद्यावर टाकली. "घेनाऱ्यानं चालवाले नाही म्हटलं, का समजाचं, त्याच्या पोटात काई हाय."

माय दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे हात चालूच होते. पुंडलिकने पहिल्यांदा डोकं वर केलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मास्तर, तुमाले तर यातलं समजते. तुमी सांगा यायले. मी खोटं नाही बोललो नं?"

दीड वर्ष गावाने त्याला वेड्यात काढलं होतं आणि खरं काय ते ठाऊक असलेला एकुलता एक माणूस त्याच्या घरची भाजी तीनदा घेऊन सुपारी चघळत बसला होता. मला माझीच शिसारी आली. मी आधी पिशवीतून वायर काढली आणि मग म्हणालो, "खोटं नाही बोललास. बोलते ती." हाही क्रम चुकीचाच असावा. मामांना मात्र तो आवडला. "अस्सं," एवढंच म्हणाले.

पाटलांचा रेडिओ

गावात वीज नाही, पण पाटलांकडे बॅटरीवरचा रेडिओ आहे. बॅटरी मोटारीची, गाडीत घालून कारंज्याला भरायला न्यावी लागते, म्हणून रेडिओ फक्त दिवस कलल्यावर बातम्यांपुरता लागतो. आम्ही पोचलो तेव्हा पाटलांच्या ओट्यावर तीस-चाळीस माणसं बातम्यांसाठी बसलेलीच होती. पाटलांनी परवानगी दिली, पण रेडिओच्या बटणावरचा हात काढला नाही.

मी वायरचं एक टोक फळीत घातलं. ते अगदी बरोबर बसलं, कारण माझं टोक टेलिफोनवाल्यांच्या भंगारातलं होतं आणि अमेरिकनांनीही तेच वापरलेलं. दुसरं टोक रेडिओच्या पाठीत. पुंडलिकने खाली बसून फळी मांडीवर घेतली. कान टेकवायला तो सवयीने वाकला, मग थांबला आणि ताठ बसला.

वाजली. लांबच लांब, घरंगळत जाणारा गोड आवाज, सगळ्या ओट्यावर पसरला. पुंडलिक अमेरिकनाची कसलीशी चाल वाजवत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते मोटारीच्या कोळशाच्या भट्टीवर ढकललं, सकाळचा कण म्हणून.

"वा पाटील," कोणीतरी म्हणालं. "आज टेसन साजरं लागलं."

"बॅटरी नवी हाय," पाटील म्हणाले आणि त्यांनी बटण किंचित फिरवलं.

मी उभा राहून सांगितलं की हे स्टेशन नाही, हे पुंडलिक वाजवतो आहे. लोकांनी मान डोलवली. गावाला आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. एक म्हातारा मला समजावत म्हणाला, "मास्तर, थो हात फिरवून राह्यला हे खरं हाय. पन गानं तर डब्यातून येऊन राह्यलं." ओटा हसला. "अन् बातम्या कवा?" मागून एकाने विचारलं.

पुंडलिकचे हात थांबले. त्याचा चेहरा पाहून वाटलं, हे दाखवलं नसतं तर बरं. आधी फळी मुकी होती, आता ती बोलत होती आणि तरी त्याची नव्हती.

मग त्याने पुन्हा लोखंड तारांवर ठेवलं. या वेळी चाल अमेरिकेची नव्हती. हळू, गोल गोल फिरणारी, बायका दळताना म्हणतात तशी. दोन फेऱ्या झाल्या की मध्येच ती तुटायची. क्षणभर काहीच नाही. मग जिथे तुटली तिथूनच पुढे. मला वाटलं, तो चुकतोय. पुढच्या फेरीलाही तिथेच तुटली.

"थे माह्यं हाय."

पुंडलिकची माय ओट्याखाली बायकांत उभी होती. ती मोठ्याने बोलली नव्हती, पण सगळ्यांनी मागे पाहिलं.

"पहाटी दळतानी मी म्हनतो थे. थो थांबला नं आता, तिथं मी जात्यात घास टाकतो." तिने मूठ पुढे करून दाणे सोडल्यासारखी उघडली. "हे रेडिओले कोनं सांगतलं?"

 रेडिओला कोणी सांगणार नव्हतं. पाटलांनी बटणावरचा हात काढला आणि तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"पुन्हा वाजव रे," बातम्या मागणाराच म्हणाला. पुंडलिकने वाजवलं. या वेळी थांबायची जागा आली तेव्हा चाळीस माणसं तिच्यासाठी थांबली. त्या दिवशी आसेगावात बातम्या लागल्या नाहीत.

उपरणं

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. दमणी जुंपलेली होती. पुंडलिकने फळी पुसून, माझ्या पेटीत, माझ्या धोतरावर नीट निजवली होती. पैसे निघताना द्यायचे होते, पण सौदा झाला होता आणि ही मंडळी शब्द मोडत नाहीत. "न्या मास्तर," तो म्हणाला. "गावानं आयकलं. झालं माह्यं." तो खरंच हसत होता, आणि ते माझ्याने बघवत नव्हतं.

खोटं कशाला सांगू? मी पेटीचं झाकण लावलं. कडीही लावली. पेटी उचलून दमणीपर्यंत नेली. सातवा खिळा डोळ्यांपुढे होता. अशी गिटार मला जन्मात पुन्हा मिळायची नाही, हे मला ठाऊक होतं, आजही ठाऊक आहे.

मग मी मामांना म्हणालो, "उपरणं द्या जरा."

मामांनी माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि खालून माझी बोटं शोधली. बोटं नव्हती. मी मूठ मिटून ठेवली होती. त्यांनी ती चाचपली, एकदा, दोनदा. मिटलेल्या मुठीचा अर्थ त्यांच्या भाषेत काय होतो मला माहीत नव्हतं. त्यांनी बराच वेळ ती धरून ठेवली.

मग उपरणं झटकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सौदा मोडला. मास्तरच्या भितीले खिळाच नाही."

खिळ्याची हकिकत मी याच माणसाला सांगितली होती.

पुंडलिक माझ्याकडे पाहत राहिला. मी फळी बाहेर काढून त्याच्या हातात दिली आणि वरून वायर ठेवली. बैल विकला तरी त्याचं दावं मालक आपल्याकडे ठेवतो, अशी इकडची रीत आहे. मी बैलही तिथेच ठेवला आणि वर माझं दावंही ठेवून आलो. माय आत गेली आणि तुरीच्या शेंगांनी भरलेलं टोपलं घेऊन आली. पेटी रिकामी नेऊ नये म्हणे. धोतरावर शेंगा ओतताना मी करदोड्याचं काय म्हणून विचारलं.

"कमरेले दोराबी चालते," ती म्हणाली.

परत

कारंज्याला गुलाबशेठ पेटी उचलून म्हणाले, "जड आहे. काम झालं वाटतं." मी हो म्हणालो. छोट्या गाडीत तोच तपासनीस भेटला. त्याने पेटी उघडायला लावली, शेंगा पाहिल्या आणि मूठभर घेतल्या.

घरी बायकोने झाकण उघडलं. "हीच का अमेरिकन?" मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, शेंगा सुपात ओतल्या आणि सोलायला बसली. खिळा अजून भिंतीत आहे. मी काढला नाही आणि तिने त्यावर काही टांगलं नाही.

नवी वायर करून मी सहावी गिटार पुन्हा रेडिओला जोडली आहे. परवा ती चाल आठवून वाजवून पाहिली. दोन फेऱ्यांनंतर थांबलो.

"का थांबलात?" आतून बायको म्हणाली. ती पीठ मळत होती.

"घास टाकतोय."

पुढच्या फेरीला तिने विचारलं नाही. मी थांबलो तेव्हा परातीवरचा तिचा हातही थांबला, आणि मग आम्ही दोघं पुढे चालू लागलो.